खुब्याची उखळी : एका परिभाषेचे परीक्षण

बसविलेला कृत्रिम खुबा काही वर्षांनी सैल झाला म्हणजे तो काढून नवा बसवावा लागतो. या पुनर्रोपणात शल्यविशारदापुढील मुख्य अडचण नव्या सांध्याची नसून जुन्या हाडाची असते. कारण ज्या खळग्यात नवी वाटी बसवावयाची, त्याचे हाड पुष्कळदा नाहीसे झालेले असते. ही हानी व तिची दुरुस्ती मराठीत सांगू लागले की जे शब्द सहज पुढे येतात, ते कितपत यथार्थ आहेत, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. शस्त्रक्रियेच्या गुणदोषांचा निर्णय त्या शास्त्रातील अधिकारी व्यक्तींनीच करावयाचा आहे.

पहिला शब्द 'अस्थिक्षय'. संस्कृतात क्षय म्हणजे ऱ्हास. त्या दृष्टीने समास निर्दोष आहे. परंतु मराठीत 'क्षय' हे एका विशिष्ट जंतुजन्य रोगाचे नाव होऊन बसले आहे व 'हाडाचा क्षय' म्हणजे त्याच रोगाचा हाडातील प्रादुर्भाव, हा अर्थ सर्वत्र रूढ आहे. संमतिपत्रकावर सही करणाऱ्या रुग्णास हा शब्द ऐकविला, तर तो भलत्याच रोगाच्या भीतीने ग्रासला जाईल. व्युत्पत्तीने शुद्ध असलेला शब्द रूढीने सदोष ठरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरा शब्द 'झीज'. हा अधिक घरगुती, म्हणूनच अधिक फसवा. १९६२ साली चार्नली यांनी पॉलिएथिलीनच्या वाटीचा वापर सुरू केला व पुढे ती जगभर प्रचारात आली. घर्षणाने या वाटीचे सूक्ष्म कण सुटतात. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात आणि त्यातून उद्भवणाऱ्या दाहामुळे अस्थिशोषक पेशी चेतविल्या जाऊन भोवतालचे हाड विरघळू लागते. म्हणजे झिजते ती वाटी. हाड शोषले जाते. 'हाड झिजले' म्हटले की ऐकणारा त्याचे कारण वयात शोधतो व नियतीस मान तुकवितो. वास्तविक ही हानी बराच काळ वेदनेवाचून वाढू शकते. म्हणूनच ठराविक काळाने क्ष-किरण तपासणी करून घ्यावयाची असते. चुकीच्या क्रियापदामुळे ती तपासणी टळली, तर तो दोष केवळ व्याकरणाचा राहत नाही.

तिसरा प्रश्न खळग्याच्या नावाचा. लॅटिनमधील 'ॲसेटाब्युलम' म्हणजे मूळ अर्थाने सिरक्याची वाटी. त्यावरून मराठीतही 'वाटी' म्हणावे, तर आपल्याकडे ती आधीच गुडघ्यावर बसलेली आहे. शिवाय कृत्रिम भागासही वाटीच म्हणतात. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार सांगताना वंक्षणाचा सांधा 'उलूखल' वर्गात घातला. उलूखलाचेच मराठी रूप उखळ, आणि 'उखळीचा सांधा' आपल्या शालेय पुस्तकांतून परिचित आहे. नैसर्गिक ती उखळी व कृत्रिम ती वाटी, असा भेद केला की पुनर्रोपणाचा सारा प्रश्न स्पष्ट होतो : वाटी बदलावयाची, उखळी दुरुस्त करावयाची.

या शब्दाची कसोटी वर्गीकरणावर घेता येते. अमेरिकन अस्थिशल्यविशारद अकादमीच्या १९८९ च्या वर्गीकरणात कड तुटणे, पोकळी वाढणे, दोन्ही एकत्र होणे व श्रोणीचे वरचे व खालचे भाग एकमेकांपासून सुटणे असे भेद आहेत. उखळीच्या भाषेत कड फुटली, पोट खोल गेले, उखळी दुभंगली, असे ते सांगता येतात. नायमेखन येथील स्लोफ व त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दात्याच्या हाडाचे बारीक तुकडे पोकळीत अक्षरशः कुटून बसवितात व त्यावर सिमेंटने वाटी बसवितात. मात्र फुटक्या उखळात कांडण होत नाही. म्हणून कड तुटलेली असल्यास तेथे आधी धातूची जाळी लावून उखळी पुरी करावी लागते. हा क्रम रुग्णास निराळा समजावून देण्याची गरजच उरत नाही.

याउलट पॅप्रॉस्की व सहकाऱ्यांचे १९९४ चे वर्गीकरण पाहावे. त्यातील सर्वांत गंभीर प्रकार 'वर व बाहेर' आणि 'वर व आत' अशा वर्णनांनी ओळखले जातात. ही वर्णने सरकलेल्या सांध्याची आहेत. हाडाची हानी त्यावरून अनुमानाने कळते. नव्या वाटीस आधार किती उरला, हे शल्यविशारदास सुचविण्यात या पद्धतीचे मोल निःसंशय आहे. परंतु ती तज्ज्ञांची खूण आहे, सामान्यांचे नाव नव्हे.

उखळीच्या रूपकालाही मर्यादा आहे. उखळ निर्जीव असते. येथे कुटलेल्या तुकड्यांत रुग्णाचे जिवंत हाड शिरून रुजावे लागते. ती उणीव 'रुजणे' या क्रियापदाने भरून काढावी. हानीस 'अस्थिहानी', प्रक्रियेस 'अस्थिशोषण' म्हणावे आणि 'झीज' केवळ वाटीपुरती राखावी. परिभाषा करणाऱ्याने कोशाइतकेच रुग्णाच्या कानाकडेही लक्ष दिले पाहिजे.