एकाच चौकोनात दोन गावं : आडव्या विषमतेची मोजणी कुठे अडते?

संघर्षावर संशोधन करायचं म्हटलं की फ्रान्सिस स्टुअर्ट यांची ‘आडवी विषमता’ वाचावीच लागते. माणसामाणसांतली विषमता उभी, तर समूहासमूहांतली आडवी. आणि हिंसेची शक्यता या आडवीमुळे वाढते, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा मला पटतो. माझा आक्षेप आहे तो मोजणीवर.

लार्स-एरिक सेडरमन आणि सहकाऱ्यांचा 2011 चा गाजलेला लेख घ्या. त्यांनी जगभरातल्या वांशिक गटांच्या वस्तीचे नकाशे घेतले आणि त्यावर एक अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकोनांतली उत्पन्नाची आकडेवारी बसवली. एक चौकोन म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण 110 किलोमीटर बाजू. नायजेरियात या यादीत ‘इग्बो’ हा एकच गट आहे.

आता अनांब्रा राज्यातली अगुलेरी आणि उमुलेरी बघा. दोघंही इग्बो, एकमेकांना खेटून, दोघांच्याही परंपरेत मूळपुरुष एकच, एरी. तरीही 1995 आणि 1999 मध्ये इथे माणसं मारली गेली, घरं जळाली. वरच्या पद्धतीत मात्र या दोघांतली विषमता शून्य! गट एक, चौकोनही एकच.

वाद आहे ओटुओचाच्या जमिनीचा. 1898 मध्ये रॉयल नायजर कंपनीने इथली जमीन उमुलेरीकडून घेतली. म्हणजे कागदावर मालक कोण, हे कंपनीच्या व्यवहाराने सुचवलं. अगुलेरीने ते मानलं नाही, आणि 1930 च्या दशकापासून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. पुढे ओटुओचा स्थानिक शासनाचं मुख्यालय झालं, आणि जमिनीचं मोल आणखी वाढलं. इथली विषमता फक्त उत्पन्नाची नाही. सरकारदरबारी कुणाचा हक्क धरला जातो, याची आहे.

सेडरमन यांचा प्रश्न सरकारविरुद्धच्या यादवी युद्धाचा होता, शेजाऱ्यांच्या भांडणाचा नव्हता, हे मान्य. चूक होते ती आपण त्यांचं माप उचलून गावपातळीवर लावतो तेव्हा. आणि विषमता सापडली तरी काम संपत नाही: दावा इतका जुना, मग हत्यारं 1995 लाच का निघाली? त्याचं उत्तर वेगळं शोधावं लागतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना ‘विषमता किती?’ हा प्रश्न नंतर. आधी विचारा: कुणाकुणातली, आणि गटाची रेघ कुणी ओढली?