रास्कोल्निकोवचे तीन चमचे

दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीवरील टीका बहुधा रास्कोल्निकोवच्या तत्त्वज्ञानापाशींच थांबते. आमचें लक्ष त्याच्या जेवणाकडे जातें. पीटर्सबर्गांतील पांच मजली घराच्या छपराखालीं, कपाटाएवढ्या खोलींत हा तरुण एकटा राहतो. तासन् तास पडून असतो, पण झोपेनें त्याला विश्रांति म्हणून मिळत नाहीं. मोलकरीण नस्तास्या सूप आणून ठेवते. इच्छा नसतां तो तीन-चार चमचे घेतो. त्याच संध्याकाळीं त्याच्या हातून दोन खून होतात. उपासमारीनें खून घडला असें आम्ही म्हणत नाहीं. पण अशा खोलींत त्याच्या विचारांना अडविणारें कोणी नव्हतें, हें खरें.

पुढें तो तापानें पडला असतां मित्र राझुमिखिन शेजारीं बसून सूप भरवितो. भाजूं नये म्हणून फुंकर घालतो, आणि सूप तर जेमतेम कोमट! येथें मात्र रास्कोल्निकोव एक, दोन, तीन चमचे अधाशासारखे गिळतो. उपसंहारांतील पश्चात्तापापेक्षां हीं पानें आम्हांस अधिक पटतात. तरी पुढें याच मित्रांना ‘मला एकट्याला राहूं द्या’ म्हणून तो ओरडतोच. ग्रंथकारानें तेथें सारवासारव केलेली नाहीं.