शीन-काफ, न-ण आणि आपले हसू

मराठी नाटकात मुस्लिम पात्र आले की प्रेक्षक पुष्कळदा त्याच्या बोलण्याआधीच हसायला तयार असतो. मोडके हिंदी, त्यात चार मराठी शब्द, झाला विनोद! अशा हशात आपणही सामील होतो आणि घरी येऊन मुलांना म्हणतो, बाबांनो, नीट बोला. या हसण्याचा विचार करताना मला नेहमी ‘ती फुलराणी’ आठवते.

बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली प्रथम रंगभूमीवर आले. फुले विकणाऱ्या मुलीला उच्चारशास्त्राचा प्राध्यापक उमरावांची भाषा शिकवतो, एवढीच गोष्ट. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये लर्नर आणि लोव या जोडीने त्यावर ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका केली. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ १९७५ची.

संगीतिकेतला विनोद सुरांतच आहे. रेक्स हॅरिसनने प्राध्यापकाची गाणी गायलीच नाहीत, तालावर बोलून दाखवली. जगाचे आवाज तपासणारा हा पंडित स्वतः सूर लावू शकत नाही आणि जिचे बोलणे त्याला कर्कश वाटते ती मुलगी मात्र गाते! कोण अडाणी, हे चालच सांगून जाते. एलायझाचे सूडाचे गाणे शॉच्या मूळ नाटकात नाही, संगीतिकेत आहे. पुलंनी तो प्रसंग गाण्याऐवजी मंजुळेच्या स्वगतात घातला. भक्ती बर्वे यांनी ते गाजवले. त्या स्वगताला वाद्याची गरज नाही, रस्त्यावरच्या बोलीचा ठेका पुरतो. आरंभी आपण मंजुळेला हसतो, इथे तिच्या बाजूने हसू लागतो. माझ्या मते रूपांतराची खरी कसोटी हीच. शब्द बदलणे सोपे असते, हसू कोणाच्या बाजूला न्यायचे हे अवघड.

याच नाटकाचे एक रूपांतर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. बेगम कुदसिया जैदी यांनी ‘पिग्मॅलियन’ उर्दूत नेले आणि नाव दिले ‘आझर का ख्वाब’. पिग्मॅलियन हा ग्रीक कथेतला मूर्तिकार, स्वतःच घडवलेल्या पुतळ्यावर भाळलेला. त्याच्या जागी बेगमसाहिबांनी आझरला आणले. कुरआनात हजरत इब्राहीम यांच्या वडिलांचे हे नाव येते. उर्दू शायरीत आझर म्हणजे बुत घडवणारा. बुते बोलत नाहीत, हा तर इब्राहीमच्या किश्श्याचा गाभा. इथे मात्र घडवलेले बुत उलटून बोलते! एका नावात केवढी खोच!

उर्दूत शुद्ध बोलणाऱ्याचे ‘शीन-काफ दुरुस्त’ आहेत असे म्हणतात. मराठीत तीच परीक्षा ‘न’ आणि ‘ण’ची. आपण मराठी मुसलमान दोन्ही परीक्षांना बसतो आणि दोन्हीकडे हशाचे धनी होतो. ‘नक्को’ म्हटले की उत्तरेचा उर्दूवाला हसतो. त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते की दखनीतला हा शब्द मराठीच्या ‘नको’चा सख्खा भाऊ आहे. शाळेत मी ‘पानी’ म्हणालो तेव्हा वर्ग हसला होता. घरी आलेल्या एका मौलवीसाहेबांसमोर माझा ‘काफ’ घसरला तेव्हा घर हसले. दोन्ही वेळा मीही हसलो, कारण रडणे लाजिरवाणे वाटले.

तेव्हा विनोद नको, असे माझे म्हणणे नाही. बोलीत हसू असतेच. आमच्या नानीच्या जुबानीत जेवढी मिश्किली होती तेवढी मला ग्रंथात क्वचित सापडली. पण ती नानी स्वतः हसवत होती. मंजुळेने प्राध्यापकाचा घेतला तसा समाचार घेणारी एखादी हलीमा किंवा जुलेखा, आपल्या कोकणी किंवा दखनी बोलीत, मराठी रंगमंचावर अजून यायची आहे. ती दुसऱ्याने लिहावी म्हणून वाट बघत बसणे बरे नव्हे. लेखणी आपल्याही हातात आहे.