शेजारातील हिंसा आणि निवेदकाची जागा

१

मराठी कथात्म साहित्यातील हिंसेची चर्चा प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती होत आली आहे : हिंसा का उद्भवते, आणि तिचे समर्थन करता येते काय. यांपैकी पहिला प्रश्न समाजशास्त्राचा आहे, दुसरा नीतिशास्त्राचा. साहित्यसमीक्षेचा म्हणावा असा प्रश्न यांहून वेगळा आहे. ज्या गावात किंवा वस्तीत माणूस लहानाचा मोठा झाला, त्या परिसराचा पोत गुन्हा आणि हिंसा यांमुळे वर्षानुवर्षे बदलत जाताना तो पाहतो. हे पाहणे कोणत्या निवेदकाच्या मुखातून प्रकट होऊ शकते? चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. गेल्या साडेचार दशकांत तेथे जे घडले त्याची कारणमीमांसा करणारे लेखन मराठीत आहे. ते आपल्याच अंगणात घडताना पाहणाऱ्या शेजाऱ्याचे लेखन मात्र फारच विरळ आहे. साक्षरतेचा अभाव किंवा प्रतिभेचा अभाव एवढ्याने या विरळतेचा उलगडा होत नाही. तिचे मूळ त्या हिंसेच्या स्वरूपातच आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे प्रारंभीच एक भाबडे गृहीतक बाजूला सारावे लागते. बालपणाचा परिसर निष्पाप होता आणि मग बाहेरून पाप आले, अशी मांडणी आठवणीला सोयीची असली तरी वस्तुस्थितीला धरून नाही. व्हेरियर एल्विन यांच्या 'मारिया मर्डर अँड सुइसाइड' (१९४३) या ग्रंथात बस्तरमधील मारिया समाजातील शंभर खुनांचा अभ्यास आहे. बस्तर गडचिरोलीला लागूनच आहे आणि हा समाज गडचिरोलीच्या माडियांचा निकटचा आप्त म्हणावा असा. दारूच्या भरातील भांडण, मत्सर, मालमत्तेचा वाद, जादूटोण्याचा संशय अशी कारणे त्या प्रकरणांतून पुढे येतात. अरण्यातील समाज हिंसामुक्त नव्हता, एवढे त्यावरून स्पष्ट होते. परंतु त्या खुनांत मारणारा आणि मरणारा दोघेही गावाला नावानिशी ठाऊक असत. घटनेला कारण असे, नाते असे, आणि म्हणून तिची गोष्ट सांगता येत असे.

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात 'जाणता येण्याजोगा समूह' ही संकल्पना चर्चिली आहे. माणसे आणि त्यांचे परस्परसंबंध मुळात जाणता येतात, या विश्वासावर कादंबरीचा प्रकार उभा आहे. मात्र कोण कोणाला जाणू शकतो, हे पाहणाऱ्याच्या जागेवरही अवलंबून असते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनुभवाला ही संकल्पना लावून पाहिली तर तेथील परिवर्तनाचे नेमके वर्णन करता येते. तेथे हिंसा पूर्वीही होती. ती जाणता येण्याजोगी राहिली नाही, हा बदल नंतरचा.

२

हा बदल सर्वप्रथम भाषेत उमटला. पीपल्स वॉर गटाची पथके १९८० मध्ये प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात आली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेंदूपानांची आणि बांबूतोडीची मजुरी, वनखात्याच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा जाच, ठेकेदारांची लबाडी या प्रश्नांना हात घालून या पथकांनी गावांत शिरकाव केला. त्यांना लोकांनी जे नाव दिले ते नात्याचे होते : 'दादा'. तेलुगू बोलणाऱ्या गावांत 'अन्नलु'. दोन्हींचा अर्थ थोरला भाऊ. परक्या, शस्त्रधारी माणसाला नात्याच्या शब्दात बसविणे ही जाणत्या समूहाची जुनीच रीत होय. त्यात आदर होता, भयही होते, आणि दोहोंतले कोणते अधिक हे उघड न करण्याची सोयही होती.

पुढे या नात्याच्या शब्दाशेजारी 'दलम', 'संगम', 'खबऱ्या', 'चकमक', 'आत्मसमर्पण' हे शब्द येऊन बसले. यांपैकी 'खबऱ्या' या शब्दाने शेजाराची घडी सर्वाधिक विस्कटली. गावातील माणसाने गावाबाहेरच्या माणसाशी बोलणे हा एरवी व्यवहाराचा भाग; आता तोच संशयाचा पुरावा ठरू लागला. रात्री जेवण मागणारे एक, सकाळी त्या जेवणाचा जाब विचारणारे दुसरे, आणि चूल मात्र एकच, अशी ही कोंडी होती. नव्वदच्या सुमारास पोलिसांचे 'सी-६०' हे विशेष दल उभे राहिले आणि त्यात स्थानिक तरुणांची भरती झाली. दलमांतही याच टापूतील मुलेमुली होती. एका शाळेच्या हजेरीपटावरील दोन नावे परस्परांविरुद्ध बंदूक घेऊन उभी राहण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. वर्गशत्रू, राष्ट्रद्रोही यांसारख्या संज्ञा बाहेरून पाहणाऱ्यास पुरेशा वाटतात. शेजाऱ्याला त्या अपुऱ्या पडतात, कारण त्याला दोन्ही घरे ठाऊक असतात.

स्थळनामांचेही असेच झाले. २००९ या एका वर्षी मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथील तीन हल्ल्यांत मिळून ४८ पोलीस मारले गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये कसनासूर परिसरातील कारवाईत ४० नक्षलवादी ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. आज ही गावांची नावे वृत्तपत्रांच्या वाचकाला घटनांची नावे म्हणून परिचित आहेत. ज्याचे बालपण तेथे गेले त्याच्या लेखी तीच नावे शाळेची, ओढ्याची, मोहाच्या झाडांची असतात. नावावरचा हा दुसरा अर्थ पहिल्या अर्थाला कसा पुसत गेला, हे सांगणे साहित्याचे काम होते.

३

मराठी कादंबरीने या प्रदेशाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पात आयुष्य घालविलेल्या विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' आणि चंद्रपूरच्या सुरेश द्वादशीवार यांची 'हाकुमी' या कादंबऱ्यांनी माडियांचे जग मराठी वाचकासमोर आणले. या लेखनामागील सहानुभाव आणि परिचयाची सखोलता निर्विवाद आहे. विशेषतः मनोहरांच्या कादंबरीने नक्षलवादी हा आकाशातून पडत नाही, व्यवस्थाच त्याला घडविते, ही जाणीव शहरी वाचकाला दिली. आणि ती ज्या काळात दिली त्या काळी तिचे मोल मोठे होते.

तथापि, शीर्षकातील 'जन्म' हा शब्दच त्या कादंबरीची रचना सूचित करतो. शोषणाचे एकेक अनुभव माडिया तरुणाला बंदुकीपर्यंत आणतात, हा तिचा कार्यकारणबंध. हा बंध स्वीकारला की निवेदनाचे लक्ष अपरिहार्यपणे जाणाऱ्याच्या पाठीमागे जाते. जो गेला नाही, पोलिसांतही भरती झाला नाही, तेथेच नांगर धरून राहिला आणि दर पावसाळ्यानंतर आपले गाव थोडे अनोळखी झालेले पाहत राहिला, त्याला या बंधात केंद्रस्थान मिळत नाही. समाजकार्यकर्त्यांच्या आत्मपर लेखनाची, उदाहरणार्थ प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा'ची, जागाही निराळी आहे. तेथे पाहणारा आलेला आहे. राहणाऱ्याचे पाहणे त्याहून भिन्न. भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' किंवा उषाकिरण आत्राम यांचा 'म्होरकी' यांसारख्या संग्रहांनी आदिवासी 'मी'ला मराठी कवितेत हक्काचे स्थान दिले. पण आदिवासी कवितेचा प्रधान स्वर बाहेरच्या शोषकाला उद्देशून आहे. वार करणारा हात शेजारच्या घरातला असतो, तेव्हा हा स्वर कोणाला उद्देशून लावायचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या ठिकाणी मुंबईच्या साहित्याशी तुलना उद्‌बोधक ठरते. 'दादा' हा शब्द तेथेही आहे, आणि तेथेही तो नात्याकडून दहशतीकडे सरकलेला आहे. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'चा (१९६५) निवेदक पोक्या हा नाक्यावरच्या पोरांपैकीच एक. जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) १९८२ च्या गिरणी संपानंतरचे लालबाग-परळ धुरी कुटुंबाच्या एका खोलीत सामावते. नरू गुन्हेगारीकडे वळतो ते आईच्या डोळ्यांदेखत. ज्या वर्षी गडचिरोली जिल्हा झाला त्याच वर्षी हा संप सुरू झाला. दोन्ही ठिकाणी श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न हिंसेच्या मुळाशी आहे. मग एका ठिकाणी शेजारी बोलका का आणि दुसऱ्या ठिकाणी मुका का?

याचे उत्तर निनावीपणाच्या वाटणीत आहे. महानगरात लेखकाला गर्दीचा आडोसा मिळतो. चाळ बोलते, पण कोणत्या चाळीतला कोण बोलला हे कोणी शोधत बसत नाही. गडचिरोलीच्या चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या गावात हिंसा करणारा निनावी असतो, टोपणनावाने वावरतो. सांगणारा मात्र कधीच निनावी राहू शकत नाही. गोष्ट बाहेर गेली की ती कोणी नेली हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. जेथे खबर देणे हा देहदंडाचा अपराध ठरतो, तेथे कथन आणि खबर यांतील सीमारेषाच नाहीशी होते. वास्तववादी कादंबरी नावे, तारखा, वाटा आणि घरे यांच्या तपशिलावर जगते. येथे प्रत्येक तपशील कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. शेजाऱ्याचे मौन हे त्याच्या जाणिवेच्या दारिद्र्याचे लक्षण मानणारी समीक्षा म्हणूनच अन्यायकारक ठरते.

४

मौन पाळणारा समाज काहीच व्यक्त करीत नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो आडवळणाने बोलतो. झाडीपट्टी रंगभूमीकडे या दृष्टीने पाहायला हवे. धानाची कापणी आटोपली की गावोगावी मंडप पडतात आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा हे या व्यवसायाचे केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा नागर समीक्षेचे लक्ष तिकडे वळले. एरवी भडक, अतिनाट्यपूर्ण म्हणून ही रंगभूमी दुर्लक्षितच राहिली. पण तिच्या भडकपणाचे कार्य काय आहे? भावाच्या जिवावर उठलेला भाऊ, दारूत बुडालेला बाप, गावगुंडाच्या हाती गेलेली पाटीलकी हे तिचे ठरीव साचे. ठरीव असल्यामुळेच ते कोणा एकाचे नसतात. निनावी झालेल्या गुन्ह्याला हे नाटक पुन्हा नात्याचा चेहरा देते आणि सबंध गावाला एकत्र बसून, कोणाचेही नाव न घेता, त्यावर रडण्याची मुभा देते. वास्तववादाच्या कसोटीवर जे उणे ठरते, तेच येथे साक्ष देण्याचे सुरक्षित साधन होते.

चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील परिवर्तन वेगळ्या प्रकारचे आहे आणि तेही अलिखितच राहिले. तेथे अरण्याच्या जागी खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि परप्रांतीय मजुरांच्या वसाहती आल्या; हिंसेला विचारसरणीचे नाव नव्हते. स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. अवैध दारूच्या धंद्यात स्त्रिया व मुले ओढली गेली, हे ती उठविताना दिलेल्या कारणांपैकी एक. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी मात्र कायम आहे. धोरणाच्या बाजूने किंवा विरोधात पुष्कळ लिहिले गेले. ज्या मोहल्ल्यातील आईने बंदीसाठी मोर्चा काढला, त्याच मोहल्ल्यातील पोर शीशा पोहोचवू लागले असेल, तर त्या घरातील संवाद कसा झाला असेल, हे लिहिणारी कादंबरी अद्याप यायची आहे.

स्मरणाच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गोंड समाज तो दिवस शहीद दिन म्हणून पाळतो. देशभरातील पोलीस दले आपल्या मृतांचे स्मरण करतात तो दिवसही २१ ऑक्टोबरच. सत्तेविरुद्ध शस्त्र घेतलेल्या वीराचे आणि सत्तेसाठी शस्त्र वाहिलेल्या शिपायाचे स्मरण एका जिल्ह्यात एकाच दिवशी होते, हा योगायोग खरा. पण कित्येक घरे या दोन्ही स्मरणांत सहभागी असतात, हा योगायोग नाही. नक्षलवाद्यांनी आपल्या मृतांसाठी लाल स्तंभ उभारले, पोलिसांनी ते पाडले. खबऱ्या ठरवून मारलेल्यासाठी किंवा दोन्ही बाजूंच्या मधे सापडून मेलेल्यासाठी उभा राहिलेला दगड त्या मानाने विरळा. ते स्मारक शब्दांचेच असू शकते.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक करणारे ट्रक आता एटापल्लीच्या रस्त्यावरची नित्याची गोष्ट आहेत. एका कालखंडाचा शेवट झाला असे म्हटले जात असताना त्या कालखंडाची कथा कोण सांगणार, हा प्रश्न निकडीचा झाला आहे. विजयाचा अहवाल आणि हौतात्म्याचे पत्रक हे दोन दस्तऐवज तयार आहेत. दोहोंतही शेजारी नाही. शरण आलेला दादा, निवृत्त शिपाई आणि मारलेल्या 'खबऱ्या'चा मुलगा हे तिघे जेव्हा एकाच आठवडी बाजारात समोरासमोर येतात, तेव्हा बोलण्यावरील जुनी बंदी सैल झालेली असते, पण मोडलेली नसते. या अवस्थेतून येणारे लेखन तुटक असेल, नावे गाळणारे असेल, कार्यकारणाची साखळी अपुरी सोडणारे असेल. मराठी समीक्षेने त्या तुटकपणाला शैलीदोष मानण्याची घाई करू नये. गाळलेल्या नावाच्या जागी कोण उभे होते आणि ते का गाळावे लागले, हे वाचता येण्याइतकी तयारी तिने आधी करून ठेवावी. अन्यथा शेजारी बोलू लागेल त्या दिवशीही तो मुकाच होता अशी नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात होईल.