‘अच्छेव’ आणि मोरजीची राखण

पुंडलीक नायक यांच्या ‘अच्छेव’ (१९७७) या कोंकणी कादंबरीचा गौरव सामान्यतः खाणींनी केलेल्या निसर्गनाशाचे चित्रण म्हणून होतो. आमच्या मते तिचे सामर्थ्य निराळे आहे. खाणीच्या पैशामागे शेत सुटते आणि त्याबरोबर माणसांना बांधून ठेवणारी घडीही विसकटते, हे लेखकाने अचूक हेरले आहे. मात्र मोडलेले गाव सावरू शकेल काय, हा प्रश्न ती फारसा हाताळीत नाही.

तो प्रश्न मोरजीने प्रत्यक्षात उभा केला आहे. येथील तेंबवाड्याच्या वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी खाल्ली जात, विकली जात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात गावकरी व वनखाते मिळून त्यांची राखण करू लागले. २०११ च्या किनारा-नियमन अधिसूचनेतही या किनाऱ्याची कासवस्थळ म्हणून नोंद आहे. तथापि किनाऱ्यावरील दिव्यांनी पिले समुद्राची वाट चुकतात. आणि ज्या गावाला पर्यटकांचा पैसा हवा, त्यालाच दिवा मालवावा लागतो.

हे द्वंद्व केवळ विलापाने व्यक्त होणार नाही. विनाशाचे वर्णन आपल्या साहित्याला साधले आहे. राखणीतील कष्ट व कलह त्याने आता समजून घ्यावेत.