कोर्लई : लेखांतील आणि प्रत्यक्षातील

अलिबागविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण लिहिणारे बहुधा खाडीपलीकडून येतात आणि आपल्या सोयीचे अलिबाग घेऊन परततात. ही रीत जुनीच आहे. ज्या कान्होजी आंग्र्यांना (मृत्यू १७२९) आपण मराठ्यांचे सरखेल म्हणून ओळखतो, त्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील इंग्रज लेखकांनी समुद्री चाचा ठरविले. पुढे हिंदी चित्रपटांनी अलिबागकराला भोळसटपणाचे दुसरे नाव करून टाकले. त्या संवादावर बंदी यावी म्हणून केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळली. आता इंग्रजी नियतकालिके याच किनाऱ्याला न्यूयॉर्कच्या धनिकांच्या 'हॅम्प्टन्स'ची उपमा देतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाल्यापासून अशा लेखांना अधिकच भरती आली आहे.

या लेखांतील एक प्रकार आम्हा ख्रिस्ती वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. अलिबागहून दक्षिणेस रेवदंड्याला जावे, कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडावा, की मुरूड तालुक्यातील कोर्लई लागते. 'पोर्तुगीज बोलणारे गाव' म्हणून या कोर्लईवर अधूनमधून लेख येतात. त्यांतले अनेक आमच्या वाचनात आले आणि पाचसहा वाचून झाल्यावर ते सारे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटू लागले. आरंभी किल्ला आणि समुद्र. मग वाटेत भेटलेली एखादी वृद्ध आजी. तिच्या तोंडचे दोनतीन शब्द आणि शेजारी लिस्बनच्या पोर्तुगीजमधील तसेच शब्द. मग चर्चचे छायाचित्र. आणि अखेरीस 'ही भाषा आता शेवटच्या घटका मोजत आहे' असा सुस्कारा. सायंकाळच्या बोटीने लेखक परत.

या लेखांत खोटे फारसे नसते; त्यांचा दोष निराळा आहे. ते कोर्लईत पोर्तुगाल शोधायला जातात, म्हणून त्यांना तेथे पोर्तुगालच सापडतो.

प्रत्यक्षात काय आहे ते पाहू. कोर्लईचा डोंगरी किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आली. गोरे अधिकारी निघून गेले. पण सैनिक, चाकर आणि स्थानिक धर्मांतरित यांच्या सहवासातून घडलेला ख्रिस्ती समाज जागीच राहिला. माउंट कार्मेलच्या मातेच्या चर्चभोवती तो आजही नांदतो. आपल्या बोलीला हे लोक 'नो लिंग' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच – 'आमची भाषा'. ती बोलणारे आज हजाराच्या आसपास असतील.

'पाचशे वर्षांपूर्वीची पोर्तुगीज जशीच्या तशी' हे वाक्य या लेखांत हमखास भेटते. ते सपशेल चुकीचे आहे. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा दीर्घ अभ्यास करून १९९६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे, की बोलीतील शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज असला, तरी वाक्याची घडण मराठीच्या वळणावर गेली आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊ लागले आहे. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर बोलीने एक निराळा क्रियापदगटच निर्माण केला आहे. लिस्बनचा माणूस कोर्लईत आला, तर ओळखीचे शब्द ऐकून तो सुखावेल. पण संभाषण त्याच्या हाती लागणार नाही. आमच्या मते या गावाची खरी नवलकथा हीच आहे. एक लहानसा समाज शेजाऱ्याच्या भाषेशी अडीचशेहून अधिक वर्षे रोजचा व्यवहार करतो, तिचे वळण उचलतो आणि तरीही आपली बोली सोडीत नाही. हे निव्वळ जतन नव्हे, निर्मिती आहे. नियतकालिकांच्या लेखांत मात्र मराठी येते ती बहुधा 'नो लिंग'ची मारेकरीण म्हणून.

ही बोली एकटी नव्हती, हेही वाचकांना क्वचितच सांगितले जाते. वसई, साष्टी, मुंबई आणि दमण येथील ख्रिस्ती घरांतून तिच्या भावंडबोली बोलल्या जात. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियाँव रोडोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्येच 'उत्तरेच्या' या बोलींचे वर्णन प्रसिद्ध केले होते. वसई-मुंबईकडे त्या मालवल्या, दमणला आणि कोर्लईत टिकल्या. त्या का मालवल्या आणि इथे का टिकली, हा खरा प्रश्न. १९८६ साली पूल होईपर्यंत रेवदंड्याला तरीने जावे लागे. गावातील विवाहसंबंध बहुतांशी गावातच होत. धर्मग्रामाचे जीवन एकत्र बांधलेले होते. उलट शाळा मराठी, नोकऱ्या बाहेरगावी आणि द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेची भाषाही मराठी. या दोन्ही बाजू मांडल्यावाचून 'मरणासन्न' हा शब्द उच्चारणे म्हणजे नाडी न पाहताच निदान करणे होय.

नियतकालिकांतील कथा किती दूरवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण फ्रान्समध्ये आहे. दक्षिणेकडील रेन-ल-शातो या डोंगरावरील लहानशा गावात बेरांजे सोनिएर हे १८८५ पासून धर्मगुरू होते. त्यांनी चर्चचा जीर्णोद्धार केला, मोठे घर बांधले. पैसा कोठून आला? मिस्सांसाठी त्यांनी ठिकठिकाणांहून बेसुमार दाने गोळा केली होती आणि धर्मप्रांताने त्याबद्दल त्यांच्यावर कारवाईही केली. इतकी साधी ही हकीकत. पण त्यांची मालमत्ता पुढे ज्याच्याकडे आली, त्या उपाहारगृहवाल्याने गुप्त खजिन्याची गोष्ट सांगितली आणि १९५६ साली एका प्रादेशिक वृत्तपत्राने ती छापली. १९६७ मध्ये त्यावर पुस्तक आले. त्यातील 'प्राचीन' चर्मपत्रे बनावट असल्याचे पुढे उघडकीस आले. तरी गोष्ट थांबली नाही. १९८२ च्या एका इंग्रजी पुस्तकातून ती 'द दा विंची कोड' या २००३ च्या कादंबरीत उतरली. त्या कादंबरीवरील चित्रपटाने २००६ मध्ये आपल्याकडेही किती वादळ उठविले, ते वाचकांना आठवत असेल. दरम्यान खजिन्यासाठी गावाची जमीन इतकी उकरली गेली, की तेथील नगरसभेला १९६५ मध्ये खोदकामावर बंदी घालावी लागली. कोर्लईत तशी फसवणूक कोणी केलेली नाही. परंतु एकाने लिहिलेले दुसऱ्याने उचलायचे आणि गावाला काही विचारायचे नाही, ही वाट दोन्हीकडे एकच आहे.

मग कसे लिहावे? याचा धडा अलिबागच्याच चुंबकीय वेधशाळेत मिळतो. मुंबईतील ट्राम विजेवर चालणार असे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडतील, हे ओळखून १९०४ साली हे काम अलिबागला आणले गेले. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले. कारण निरीक्षकाजवळचेच लोखंड सुई हलवू लागले, तर पृथ्वीचे मोजमाप चुकते. शिवाय जुन्या आणि नव्या ठिकाणी काही काळ एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या गेल्या. गावावर लिहिणाऱ्याने यापेक्षा अधिक काय करावे? आपले लोखंड बाहेर ठेवावे आणि ऐकलेली गोष्ट दुसऱ्या तोंडून ताडून पाहावी.

या लेखांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच कित्येक मराठी वाचकांना कोर्लईचे नाव कळले. आमचा आक्षेप परिणामाबद्दल आहे. शेतात राबणारा, मुलांना मराठी शाळेत धाडणारा, मराठीत मिस्सा ऐकणारा हा समाज लेखांत 'पोर्तुगिजांचे अवशेष' होऊन बसतो. कोर्लईतील मुलगी मोबाईलवर ते वाचते, तेव्हा तिला दोन गोष्टी कळतात : आपण या भूमीत परके आहोत आणि आपल्या आजीची भाषा संपल्यात जमा आहे. पहिली असत्य आहे. दुसरी अशीच ऐकवीत राहिलो, तर सत्य ठरेल. कारण जी भाषा मेलीच आहे असे आईला पटले, ती आई बाळाशी बोलणार नाही.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली या भूमीत आले, येथील भाषा शिकले आणि सदतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून बाहेर पडले. प्रत्येक पत्रकाराकडून इतकी वर्षे मागता येणार नाहीत. पण एका दुपारीपेक्षा अधिक वेळ मागणे गैर नव्हे. आणि कोर्लई, रेवदंडा, वसई येथील कुटुंबांकडे तर वेळच वेळ आहे. आज्यांच्या गोष्टी, नाताळची गाणी, स्वयंपाकघरातील आणि शेतातील शब्द – हे सारे तारीखवार उतरवून धर्मग्रामाच्या कपाटात ठेवता येईल. 'नो लिंग' या नावातील 'आमची' हा शब्द बाहेरच्या लेखकाला लिहिता येतो. तो खरा करून दाखविणे मात्र घरच्यांनाच शक्य आहे.