हिरवा ठिपका आणि जव्हारचा पाऊस

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरने मला स्क्रीनशॉट पाठवला. टर्मिनलवर हिरवा ठिपका, त्यापुढे ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’ आणि खाली तिचा मेसेज: "झालं दादा, सर्व्हिस बसली. आता चार महिने बघायला नको." मी उत्तर टाइप न करता सरळ फोन लावला. दोन पावसाळ्यांपूर्वी जव्हारहून परतताना एसटीत बसून मीही माझ्या गाइडना जवळपास हेच कळवलं होतं.

या पोस्टमध्ये सिस्टमडी या साधनाची थोडी झाडाझडती घेणार आहे. पण त्याहून जास्त घेणार आहे ती ‘पाच मिनिटांत सर्व्हिस बसवा’ छापाच्या लेखांची आणि ते वाचून कामाला लागणाऱ्या आपल्यासारख्यांची.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणक चालू झाला की आपोआप उठणारे आणि कुणी लॉगिन केलेलं नसलं तरी मागे राबत राहणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना उठवायचं, पडले तर परत उभं करायचं, ते काय बोलले ते लिहून ठेवायचं, ही मुकादमी आता बहुतेक लिनक्सवर सिस्टमडी करतो. लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी 2010 मध्ये तो आणला. 2015 साली आलेल्या डेबियन 8 पासून तो डेबियनमध्ये मुळातच येतो, आणि रास्पबेरी पायची प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. म्हणजे फील्डवर पाय ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तो वेगळा इन्स्टॉल करावाच लागत नाही. एक छोटी युनिट फाइल लिहायची, ‘इनेबल’ म्हणायचं, ‘स्टार्ट’ म्हणायचं, झालं. एका प्रोग्रॅमने इतकी सगळी कामं अंगावर घ्यावीत का यावर त्या काळात मोठं भांडण झालं. डेबियनमधून फुटून देवुआन निघालं ते त्यातूनच. त्या भांडणात मला पडायचं नाही. आधी आम्ही ‘नोहप’ लावून स्क्रिप्ट मागे सोडून द्यायचो आणि वीज गेली की सगळं गेलं. त्यापेक्षा सिस्टमडी शंभर पटींनी बरा. साधन चांगलं आहे. वाद त्याच्या गृहीतकांशी आहे.

आता जव्हार. माझा विषय पावसाची तीव्रता. जव्हार-मोखाड्यात पाऊस कोसळतो, आणि त्याच मोखाड्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतो. याच डोंगरांतल्या वैतरणेचं पाणी अडवून मुंबईला जातं. मध्य वैतरणा धरण तर मोखाडा तालुक्यातच आहे. पाणी पडतं पण गावात थांबत का नाही, याच्या उत्तराचा एक भाग असा, की ते किती वेळात पडतं. दिवसभर भुरभुरलेले 100 मिलिमीटर आणि दोन तासांत ओतलेले 100 मिलिमीटर बेसाल्टच्या उतारावर सारखे वागत नाहीत. दिवसाचा एक आकडा मला पुरणार नव्हता. म्हणून एका घराच्या गच्चीवर टिपिंग बकेट पर्जन्यमापक बसवला. आत तराजूसारख्या दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते आणि एक टिचकी वाजते. माझ्या यंत्रात एक टिचकी म्हणजे 0.2 मिलिमीटर. पाय ती टिचकी मोजणार, कार्डावर लिहिणार आणि डोंगलवरून विद्यापीठातल्या सर्व्हरकडे पाठवणार. स्क्रिप्ट पायथनमध्ये, तिला उठवणारा सिस्टमडी. युनिट फाइल एका लेखातून उचललेली, ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑन-फेल्युअर’ लिहिलेलं. प्रोग्रॅम पडला तर परत उठेल. अजून काय पाहिजे?

जुलैत एका रात्री वीज गेली. पहाटे आली. पाय उठला, सिस्टमडीने स्क्रिप्ट उठवली. स्क्रिप्टचं पहिलं काम सर्व्हरशी जोडणी करायचं. पण डोंगलला रेंज मिळायला त्या दिवशी काही मिनिटं लागली. सर्व्हरचं नाव सापडेना, स्क्रिप्ट एरर देऊन बाहेर. सिस्टमडीने ती परत उठवली, परत बाहेर. आता मूळ सेटिंग बघा. पडलेली सर्व्हिस परत उठवण्याआधी तो 100 मिलिसेकंद थांबतो, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आणि 10 सेकंदांत 5 वेळा उठवून झालं की तो हात टेकतो. लॉगमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असं लिहितो आणि त्या सर्व्हिसकडे पुन्हा बघत नाही. थोड्या वेळाने रेंज आली तेव्हा जोडणी मागणारं कुणी जागं नव्हतं. नऊ दिवस. मी तिथे पोचलो तेव्हा घरातले काका म्हणाले, "दिवा तर लागलेला होता रोज." खरंच, पायचा लाल दिवा इमानदारीत चालू होता.

हे मूळ सेटिंग मूर्खपणाचं आहे का? नाही. डेटा सेंटरमध्ये नेट नेहमी असतं. तिथे एखादी सर्व्हिस सेकंदाच्या आत पाच वेळा पडत असेल तर तिच्यातच काहीतरी बिघडलंय, आणि ती सारखी उठवत राहिलात तर बाकीच्यांनाही त्रास. थांबवा, माणसाला बोलवा. तिथे माणूस अर्ध्या तासात येतो. माझ्या गच्चीवर माणूस म्हणजे मी, आणि मी आठवडा-दीड आठवड्याने येणार, तेही घाटात दरड नसेल तर.

पण संशोधनाची खरी गोची याच्या पुढे आहे, आणि मला ती दुसऱ्या वर्षी कळली.

माझी स्क्रिप्ट फक्त टिचकी वाजली की ओळ लिहायची. पाऊस नाही, तर ओळ नाही. म्हणजे फाइलमध्ये त्या नऊ दिवसांची जी जागा आहे ती कोरड्या नऊ दिवसांसारखीच दिसते. मी स्वतः गच्चीवर जाऊन आलो म्हणून मला माहीत. नसतो गेलो तर सरासरी काढताना ते नऊ शून्य मी बिनदिक्कत धरले असते. शून्य आणि रिकामं यांतला फरक माझ्या डेटात कुठेच नव्हता.

आणि हे रिकामे दिवस लॉटरीसारखे कुठेही पडत नाहीत. वीज कधी जाते? वारा सुटला, फांदी तारांवर पडली, धो धो लागली तेव्हा. रेंज कधी जाते? तेव्हाच. म्हणजे मला ज्या तासांची गरज सगळ्यात जास्त, तेच तास माझं यंत्र नेमकं गाळणार. संख्याशास्त्राच्या पेपरात आपण ‘यादृच्छिक नसलेली गहाळ माहिती’ म्हणून पाठ करतो ना, ती माझ्या युनिट फाइलमध्ये बसली होती. त्यातून निष्कर्ष काय निघाला असता? इथला पाऊस समजतो त्यापेक्षा सौम्य आहे. उद्या कुणी त्या आकड्यावर बंधाऱ्याचा सांडवा काढला असता तर तो लहान निघाला असता.

घड्याळाचंही तसंच. पाय 5 च्या आधीच्या पायमध्ये वीज नसताना चालणारं घड्याळ नाही. वीज आल्यावर तो शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून पुढे मोजायला लागतो, नेट मिळालं की वेळ दुरुस्त होते. मधल्या टिचक्यांवर चुकीची वेळ. पहाटेचा पाऊस मध्यरात्रीच्या खात्यात. दिवसाच्या बेरजेत हे कळत नाही, तासाच्या तीव्रतेत सगळं बिघडतं. यावर बॅटरीवर चालणारं घड्याळाचं छोटं मॉड्यूल मिळतं, ते लावा. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

आता त्या लेखांकडे. मी वाचलेल्या बहुतेकांची शेवटची पायरी म्हणजे ‘स्टेटस’ विचारा, हिरवा ठिपका दिसला की अभिनंदन. तो ठिपका एवढंच सांगतो की प्रक्रिया जिवंत आहे. ती सेन्सरकडे टक लावून अडकून पडली असेल तरी ठिपका हिरवाच. दुसरं, ‘आफ्टर’पुढे ‘नेटवर्क’ टार्गेट लिहा म्हणजे नेट आल्यावरच सर्व्हिस उठेल, हे जागोजागी छापलेलं आहे आणि चूक आहे. सिस्टमडीचे लेखक स्वतःच सांगतात की सुरू होताना त्या टार्गेटला फारसा अर्थ नाही, आणि प्रोग्रॅमनेच नेट येण्याजाण्याला तोंड द्यायला शिकावं. अधिकृत मॅन्युअल कोरडं आहे, वाचताना झोप येते, पण या बाबतीत प्रामाणिक आहे. तिसरं, ‘स्टार्टलिमिट-इंटर्व्हल-सेक’ ही ओळ ‘सर्व्हिस’ विभागात टाकायला सांगणारे लेख अजून फिरतायत. ती ‘युनिट’ विभागात लागते. चुकीच्या जागी टाकली तर सिस्टमडी एक इशारा देऊन ती सोडून देतो, आणि तुम्ही निवांत. ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ व्हेरिफाय’ चालवून फाइल तपासता येते. एकाही लेखाने मला ते सांगितलं नव्हतं.

माझ्या गच्चीवर आता काय आहे? एकाच्या दोन सर्व्हिस केल्या. मोजणारी वेगळी, पाठवणारी वेगळी. मोजणारीला नेट नावाची गोष्ट जगात आहे हेच माहीत नाही. ती फक्त कार्डावर लिहिते. पाठवणारी खुशाल शंभरदा पडो. दोघींना 30 सेकंदांनी परत उठवायचं, आणि उठवण्याची मर्यादा शून्य लिहून काढून टाकलेली. मोजणारीला वॉचडॉग लावलाय: ठरल्या वेळेत तिने ‘मी आहे’ असं कळवलं नाही तर सिस्टमडी तिला मारून परत उठवतो. त्यासाठी स्क्रिप्टमध्येही दोन ओळी लागतात, नुसती युनिट फाइल बदलून भागत नाही. जर्नलसाठी कार्डावर कायमची जागा करून दिली. नाहीतर अनेकदा ते रॅममध्येच राहतं, आणि ज्या वीज जाण्याचा तपास करायचा तीच वीज पुरावा पुसून टाकते. सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मात्र सगळ्यात साधी आहे. दर पाच मिनिटांनी एक ओळ, पाऊस असो नसो: वेळ आणि टिचक्यांची संख्या. शून्य असेल तर शून्य लिहायचं. ओळच नसेल तर यंत्र मेलं होतं.

बसवल्यावर त्याची परीक्षाही घेतली. चालू असताना प्लग ओढला. डोंगल काढून पाय सुरू केला, वीस मिनिटांनी डोंगल लावला. स्क्रिप्ट मुद्दाम लटकवली. एक अख्खा दिवस गेला यात, आणि काका मध्येच येऊन "बिघडलं का परत?" विचारून गेले. ज्युनियरला फोनवर मी हेच करायला सांगितलं. ती थोडी वैतागली. तिच्या चार महिन्यांच्या प्लॅनमध्ये हा दिवस नव्हता.

राहता राहिले ते नऊ दिवस. महावेधच्या जवळच्या मंडळातल्या केंद्राचे आकडे घेऊन भरून काढावेत असं एकाने सुचवलं. त्याने दिवसाची बेरीज साधारण जमली असती, पण या डोंगरात एका सोंडेवर कोसळतं आणि पलीकडे ऊन असतं; तासाची तीव्रता उसनी आणता येत नाही. शेवटी आलेखात तिथे पट्टी रिकामी सोडली. तिसऱ्या प्रकरणात आधी ‘नोंदी सलग घेतल्या’ असं एक वाक्य होतं. ते काढून तिथे अर्धं पान लिहिलं: यंत्र कधी बंद होतं, का बंद होतं, त्या काळात पाऊस होता हे कशावरून. दोन्ही युनिट फाइली परिशिष्टात टाकल्या. गाइड म्हणाले, या कशाला? मी म्हटलं, सर, पर्जन्यमापकाचं मॉडेल आपण लिहितोच की.